सात किलो

वीस वर्षांत भरल्या त्या बॅगा सगळ्या दुसऱ्यांच्या.
खोकीच म्हणायची खरं तर,
सुतळीने आवळलेली, चारी बाजूंनी मार्करने
दळवी, मु. पो. आडिवरे, ता. राजापूर.
आत दूध पावडर, बदाम, बाम, अत्तराच्या बाटल्या,
मेव्हण्याचा ट्रिमर,
मोज्यात गुंडाळलेलं कुणाच्या बारशाचं वाळं.
तीस किलो.
वर अर्धा किलो झालं की काउंटरसमोर उकिडवं बसून
काय काढायचं ते ठरवायचं,
आणि निघायचे ते नेहमी माझेच कपडे.

आता ही पाठीवरची, चाळीस लिटरची,
रुवीच्या हाय स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेली.
लिटर मला ठाऊक ते पाण्याचं आणि रॉकेलचं.
मुलगी म्हणाली, बाबा, सात किलोच्या वर जायचं नाही,
विमान स्वस्तातलं आहे.
आणि जीन्स नको, वाळत नाही.
तिला हे कुठून कळतं देव जाणे,
तीही अजून कुठे गेलेली नाही.

जायचंय जॉर्जियाला. नऊ दिवस.
'तिथे काम काय?' कुंजुमोन विचारतो.
काम नाही.
'मग कोण आहे?'
कोणी नाही.
गालावरचा फेस तसाच ठेवून
तो बराच वेळ आरशातून माझ्याकडे बघतो.

थंडीचं मला सांगू नका.
मी कोल्ड स्टोरेजचा माणूस,
बाहेर पंचेचाळीस, आत उणे अठरा,
दिवसातून तीसदा ते दार ओलांडतो.
परवा नवं जॅकेट घालून
सुरमईच्या क्रेटांमध्ये बसून राहिलो वीस मिनिटं.
चेन बरी आहे. बाही आखूड.
पण तिथल्या थंडीला छप्पर नसणार,
कंप्रेसरची घरघर नसणार,
ते कसं तपासायचं?

शुक्रवारी पहाटे चारला रियामची चढण.
बॅगेत पाच किलो तांदूळ, पाण्याच्या दोन बाटल्या,
खांद्यांना सवय व्हावी म्हणून.
वर एक म्हातारा भेटला, खलफान, शेळी शोधत होता.
पिशवीत काय?
तांदूळ.
कोणासाठी?
कोणासाठी नाही. वजनासाठी.
एवढा हसला, की शेळी आपण होऊन आली.

एरवी वर पोचलो की नजर समुद्राकडे,
त्या टोकाला आपलं गाव, असं म्हणायची सवय.
त्या दिवशी मान दुसरीकडे वळवली.
नुसते तपकिरी डोंगर. एक मोबाइलचा टॉवर.
बघत राहिलो.

वैजूला सांगायला अकरा दिवस लागले.
आधी पैसे सांगितले, मग तारीख, मग देश.
मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.
'एकटाच?'
हो.
'पडलाबिडलास तर?'
मी म्हटलं, विमा काढलाय.
हे बोलायला नको होतं.
मग म्हणाली, येताना काही आणू नकोस.
मी पुन्हा विचारलं, काय?
काही आणू नकोस.
फोन ठेवल्यावर कळेना
हे रागाने होतं, की

निघायच्या रात्री खिडकीच्या गजाला काटा अडकवला.
सहा किलो आठशे.
बॅग डुलत होती, आत सगळं माझं:
दोन सदरे, लोकरीचे मोजे, टॉर्च, चष्म्याची जोडी,
एक कोरी वही, का घेतली माहीत नाही.
कुंजुमोनने काही न बोलता
वरच्या कप्प्यात केळ्याच्या वेफर्सचं पाकीट खुपसलं.
सात किलो पन्नास.
सवयीने हात सदऱ्याकडे गेला.
'अरे थांब,' म्हणाला,
आणि पाकीट फोडून
आम्ही दोघांनी पन्नास ग्रॅम खाऊन टाकले,
मग अजून थोडे.

खाली शफीकुल वॉचमन खुर्चीत पेंगत होता.
पाठीवरचं ओझं बघून म्हणाला, 'घर जा रहे?'
नाही म्हटलं.
तो दचकून उठून उभा राहिला,
माझा खांदा धरला.
त्याला वाटलं, नोकरी गेली.