शेष

कळमन्याच्या धर्मकाट्यावरचं जुनं यंत्र
दोन उन्हाळ्यांपूर्वी गेलं.
आतला प्रोग्राम तेवढा राहिला.
लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, मूळ लिखाण नाही,
म्हणून नव्या यंत्राच्या पोटात
मी त्याच्यासाठी जुनं घर मांडलं, खोटं.
तो आपल्या भाषेत मागतो,
मी बसवलेला दुभाष्या ते खाली पोचवतो,
उत्तर घेऊन वर येतो.
आपलं घर गेलंय हे त्याला अजून ठाऊक नाही.

मार्चअखेर नेवारे मापाड्यांचा फोन आला:
"मॅडम, गर्दीच्या दिवशी काटा
पंधरा किलो जास्त दाखवून राहिला.
सकाळी खरा, दुपारी खोटा.
व्यापारी म्हणते, मापाडीच खोटा."

रात्री मानेवाड्यात, कूलरच्या घरघरीत,
दुभाष्याची नोंदवही उघडून बसले.
सिस्टीम कॉल म्हणतात; मी हाक म्हणते.
एक हाक, एक उत्तर, एक हाक, एक उत्तर,
चाळीस हजार ओळी.

तो म्हणतो: तीस सेकंद झोपू दे,
मग उठून काटा शून्यावर आणतो.
मध्येच ट्रक येतो, सिग्नल होतो,
तो दचकून उठतो, वजन करतो
आणि विचारतो: माझी झोप किती राहिली होती?
उत्तराच्या जागी कुणी काही लिहिलेलंच नसतं.
तिथे त्याचाच जुना आकडा: तीस.
तो परत तीस मागतो. परत ट्रक.
दिवसभर झोप पुरी होत नाही,
दिवसभर शून्य येत नाही,
आणि पत्र्यावरची मिरचीची धूळ, टायरांची माती
गुपचूप वजनात जाऊन बसते.

पावणेदोनला ओळ सापडली.
लिहिलं होतं: झोप न मोडता पार पडली,
तर उरलेली नोंदव.
काहीच उरलं नसेल
तेव्हाच उरल्याचा हिशोब!
कुण्या शहाण्याने लिहिलं म्हणून पाहायला गेले तर
माझंच नाव, वेळ रात्रीची तीन.

एक उद्गारचिन्ह खोडलं.
आपल्याकडे ते आश्चर्याचं,
त्या भाषेत नकाराचं.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला.
मैथिली घामेजून उठली:
"सकाळ झाली?"
"नाही."
"मग किती राहिली?"
स्क्रीनच्या उजेडात घड्याळ पाहिलं. "सव्वाचार तास."
तेवढे घेऊन ती भिंतीकडे वळली.

परीक्षा लहानशीच ठेवली:
दहा सेकंद झोप, तिसऱ्याला उठव,
सात सांगितले पाहिजेत.
आधी जुन्या दुभाष्यावर चालवली,
नापास करता येत नसेल तर परीक्षा कसली.
दहा.
मग नव्यावर:
सहा, आणि पुढे नऊ नऊ नऊ.
एवढं चालतं, उठायलाही वेळ लागतो.
मग दुसरी, ज्याला शेष नकोच आहे त्याची:
त्याच्या हातात उगाच कोंबू नये.
मग दोन्ही हजार हजारदा लावून दिल्या.
सातशेच्या पुढे कधीतरी मीच झोपले.

शनिवारी कळमन्यात, भिवापुरी मिरचीच्या पोत्यांमध्ये शिंकत
नवं बसवून दिलं.
नेवारे स्क्रीनकडे बघत नाहीत.
त्यांनी छापाचं वीस किलोचं वजन
दोन्ही हातांनी आणून रिकाम्या काट्यावर ठेवलं.
चौदा ट्रक गेल्यावर, धूळ तशीच ठेवून, पुन्हा.
वीस.

"काय झालं होतं याले?"
"झोप होत नव्हती त्याची. कुणी उठवलं
की किती राहिली ते सांगत नव्हते."
त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली.
"आमची कोण सांगते, बाप्पा,"
म्हणाले, आणि पंधराव्या ट्रकला
या, या, म्हणून हात केला.