वरचं रिकामं

कागद इतका झिरझिरीत
की पंखा बंद करावा लागला.
सेक्टर पंधरा, बेलापूर. शेजारी झेरॉक्स,
पलीकडे सँडविचवाला,
मध्ये माझं फ्रेमचं दुकान, आठ बाय बारा.

चित्रात खाली, उजव्या कोपऱ्यात, म्हैस.
म्हैस म्हणजे काय, तर दोन शिंगं, एक पाठ,
नाकपुड्यांच्या जागी शाईचे दोन थेंब
पसरता पसरता थांबलेले.
बाजूला नखाएवढा लाल शिक्का.
आणि वर
एकवीस इंच काहीच नाही.

गिऱ्हाईक सीवूड्सचं, सोफ्याचं माप घेऊन आलेलं.
"वरचं रिकामं काढून टाका," बेहेरेसाहेब म्हणाले,
"चोवीस बाय अठरात बसवा. काच नॉन-ग्लेअर."
मी पावती फाडली. अडीच हजार ॲडव्हान्स.
हो म्हटलं. खोटं कशाला सांगू.

जिनं हे काढलं तिला मी ओळखते.
लिन श्वेयिंग. तीन आठवडे होती इथं, कार्यशाळेला;
चित्रांना मागून कागद लावायला माझ्याकडे यायची,
खळ माझी चाखून बघायची, चक्क जिभेनं.
आजोबांनी तिला वर्षभर नुसती शाई उगाळायला लावली.
(मला सहाण आठवली, आणि दुखलेलं मनगट.)
माझं जन्मसाल विचारलं. त्र्याऐंशी, म्हटलं.
"डुक्कर," ती आनंदानं म्हणाली,
आणि पावतीच्या मागेच काढून दिलं एक,
माझ्यासारखंच, जरा दमलेलं.

सगळे तिला फ्लेमिंगो दाखवायला घेऊन गेले.
तिनं बघितले, मान डोलावली,
आणि होडीतून वाकून
चिखलातल्या निवट्यांकडे बघत बसली
ओहोटी संपेपर्यंत.

जुन्या चित्रांत म्हणे म्हशीच्या पाठीवर
पावा वाजवणारा पोरगा असतो.
हिच्या चित्रांत नाही.
कुठं गेला, मी विचारलं.
तिच्या फोननं भाषांतर केलं:
तो शहरात कामाला आहे.

बाबा डबा द्यायला आले होते तेव्हा.
दिवाळ्याचे कोळी, ते काय चित्रं बघणार.
पण वाकले, चष्मा कपाळावर नेला.
"पाय कंय हान हिचं?"
श्वेयिंगनं तळहात फिरवला
कोऱ्या कागदावरून, न टेकवता,
कडेपासून कडेपर्यंत.
"आं," बाबा म्हणाले, "पान्यान हान,"
आणि डबा ठेवून निघून गेले.

आमच्या घरात एक नकाशा आहे,
घडीवर फाटलेला, सरकारी.
रस्ते आखलेले, सेक्टरांना आकडे,
गाव म्हणजे चार ठिपके.
खाजण कोरं.
बाबांचं बोट त्या कोऱ्यावरून फिरतं:
हितं कोलंबी. हितं चिंबोऱ्या.
हितं तुझा आजा एकदा रात्रभर
चिखलात अडकलेला, भरती येईपर्यंत गात होता.
कुणीतरी तिथं पट्टी ठेवली असेल.
चांगला माणूस असेल. घाईत असेल.
त्यालाही कुठलं तरी माप दिलेलं असेल.

मी पट्टी ठेवली.
कटरची नवी पात लावली.
पंखा बंदच होता.

मग कटर ठेवलं
आणि सागाची पट्टी कापली, लांब,
चाळीस इंची.

बेहेरेसाहेबांना फोन केला. सोफा सरकवा, म्हटलं.
ते बरंच काही बोलले.
अडीच हजार परत करायचे आहेत, सोमवारपर्यंत.
ते कुठून, ते बघू.

चित्र भिंतीला टेकवून उभं आहे.
संध्याकाळी सँडविचवाल्याचा राघू
चटणीचा हात पुसत आत आला.
"ताई, म्हैस बुडतेय का?"
"नाही रे. डुंबतेय."

तो जरा मागे सरकला,
पाय ओले होतील म्हणून असावं,
आणि बराच वेळ तिथंच
काठावर उभा राहिला.