बर्फ असेपर्यंत

उणे एकतीस.
हॉकीच्या रिंकवर प्लायवूड अंथरलं,
त्यावर चर्चमधल्या खुर्च्या,
आणि म्हाताऱ्यांसाठी पुढे बिंगो हॉलमधला सोफा.
त्याचा एक पाय आखूड,
त्याखाली टेलिफोनची जुनी डिरेक्टरी.
पडदा म्हणजे दवाखान्याच्या चार चादरी,
लोरेटानं, माझ्या बायकोनं, रात्रभर बसून जोडलेल्या.
एका कोपऱ्यातला शिक्का निघालाच नाही : सरकारी मालमत्ता.
सगळे सिनेमे त्या शिक्क्यावरूनच गेले,
कॅरिबूंचे कळप, होड्या, कुणाच्या तरी लग्नातला नाच.

प्रोजेक्टर गोठलेल्या तळ्यावरच्या रस्त्यानं आला,
ट्रक रुतला म्हणून दोन दिवस उशिरा.
मी रिंकचा रखवालदार, तेवीस वर्षं बर्फ सपाट करतोय,
मला सिनेमातलं काय कळतं?
एवढंच सांगितलेलं : हे बटण चालू, हे बंद.

तानिसचा सिनेमा शेवटून दुसरा.
त्यात तिचा आजोबा, एझेकिएल मीकिस,
जुलैच्या उन्हात पायरीवर बसून जाळं विणतोय.
ती कॅमेऱ्यामागून म्हणते, मिशोमिस, ती गोष्ट सांग ना.
तो सुई दातांत धरतो.
"आत्ता नाही. बेडूक जागे आहेत."
ती पुन्हा विचारते.
तो माश्या हाकलतो, चहा मागतो,
म्हणतो, तुझ्या या यंत्राला भूक लागत नाही का?
आम्ही हसलो. सोफ्यावर तोही हसला.
तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र पडद्यावर तो फार वेळ गप्प.
मग :
"त्या शाळेत आम्हाला बारा महिने गप्प केलं होतं.
आता मी सहाच महिने गप्प असतो.
आणि तेही माझ्या मर्जीनं."
पुढे नुसतं जाळं. गाठ. गाठ. वारा.
चादरी पांढऱ्या झाल्या.

टाळी वाजेना.
तेवढ्यात सोफा करकरला.
म्हातारा उठला, काठी तिथेच राहिली,
प्लायवूडवर बूट वाजवत पडद्यासमोर जाऊन उभा.
"बाहेर बर्फ आहे?"
सगळ्यांना माहीत होतं. तरी छोटा वायलन
दारापर्यंत धावला, बघून आला,
"आहे!"
मग त्यानं सुरुवात केली.

बटण बंद करायचं मी विसरलो.
नावं यायची राहिली होती, ती वर सरकू लागली
त्याच्या स्वेटरवरून, गळ्यावरून, गालांवरून :
आवाज कुणाचा, प्रकाश कुणाचा, चहा कुणाचा.
त्याचं स्वतःचं नाव छातीवरून चढलं,
कपाळावर जरा वाकडं झालं,
टोपीवरून निघून गेलं. त्याचं लक्षच नव्हतं.
तानिसचा हात सवयीनं कॅमेऱ्याकडे गेला,
मग तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले
आणि त्यांवर बसून राहिली.

किती वेळ चाललं, सांगता येत नाही.
शेवटचा सिनेमा राहूनच गेला.
तो काढणारा विनिपेगहून आलेला पोरगा
पॉपकॉर्न वाटत हिंडत होता.
जुन्या शब्दांपाशी आम्ही निम्मे अडखळलो.
लोरेटा माझ्या कानात अर्थ सांगत होती,
मग एक तिलाही येईना. तिनं पुढच्या बाईला विचारलं,
तिनं तिच्या पुढच्या.
शब्द रांगारांगांतून सोफ्यापर्यंत गेला
आणि अर्थ घेऊन परत आला,
तोवर गोष्ट पुढे निघून गेली होती.

चादरी धुऊन परत केल्या.
दवाखान्यात नवी नर्स आलीय, मे महिन्यात.
त्या रात्रीचं तिच्या कानावर आलंय.
काल बीपी मोजता मोजता म्हणाली,
मग काय होती ती गोष्ट?
मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.
तळं फुटलंय,
खिडकीबाहेर बेडकांचा नुसता गलका.
नोव्हेंबरपर्यंत थांबाल का, म्हटलं.
इथल्या नर्स बहुतेक
ऑक्टोबरातच निघून जातात.