चाबी

सात नंबरच्या खोलीबाहेर पाटी आहे: मिसेस पेनफोल्ड.
ते नाव नवऱ्याचं. साठ-एकसष्ट साली तो
मलाक्काजवळच्या छावणीत सार्जंट होता,
तिथून तिला गॉस्पोर्टला घेऊन आला.
तिचं स्वतःचं नाव एस्मी थेसेरा.
ते पाटीवर नाही, फाईलच्या आठव्या पानावर आहे.

मागच्या हिवाळ्यात इंग्रजी तिच्यातून ओसरलं,
खाडीला सुकती लागावी तसं,
आणि तळाशी होतं ते उघडं पडलं.
ब्रायनी तक्त्यात लिहिते: असंबद्ध बडबड.

मंगळवारी मी तिला आंघोळ घालत होते.
ओला हात पुढे करून ती म्हणाली, सबांग.
मी दिला.
दिल्यावर थबकले.
चार दिवस ब्रायनीने टॉवेल, चश्मा, पाणी, बिस्किट
सगळं तिच्या हातात ठेवून पाहिलं होतं.

आजी, मी हिल्डा डाबरे, वसईकडची.
ती गलबतं आमच्याकडेही आली होती.
पाव ठेवून गेली, पगार ठेवून गेली, तुरुंग ठेवून गेली,
यातलं आधी काय उतरवलं कोण जाणे.
आमच्या चर्चच्या घंटा मग दुसऱ्यांनी जिंकून नेल्या,
त्या अजून कुठल्या कुठल्या देवळांत वाजतात.
छान वाजतात म्हणे.

ती बोलते, अर्धं मला कळतं.
उरलेलं पहाटे फोनवर शोधते, चहा निवेपर्यंत.
नदीवर एक पूल होता. पूल घेतला की शहर घेतलं.
त्यांनी तो घेतला, सोडला,
उधाणाची वाट पाहिली, पुन्हा घेतला.
मशिदीचे दगड काढले, सुलतानांच्या कबरींचे काढले,
त्यांचाच किल्ला रचला.
लुटीने भरलेलं जहाज सुमात्राच्या किनाऱ्याला फुटलं,
सोनं माशांना.
मग शिपायांना सांगितलं, इथल्याच बायका करा.
तिथून एस्मी सुरू होते.

(इथे ती गप्प बसते. मीही. कोणाच्या बाजूने रडायचं
हे आम्हा दोघींना कोणी शिकवलेलं नाही.)

डच आले. त्यांच्यामागून इंग्रज आले,
त्यांनी सुरुंग लावून किल्ला उडवला.
एक दरवाजा तेवढा राहिला, भिंतीशिवाय.
खिडकीबाहेर आरमाराची राखी जहाजं
कसलीही घाई नसल्यासारखी उभी आहेत.

रोज रात्री तीनला ती उठून बसते: चाबी.
कशाची, आजी?
पोर्ता.
भिंत नसलेल्या दाराला कुलूप कशाला,
असं मी एकदाच म्हणाले.
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
पोरीला व्यवहार कळत नाही असं.

गुरुवारी मी माझ्या कपाटाची चावी तिच्या तळव्यावर ठेवली.
तिने ती दाबून पाहिली, उशीखाली सरकवली,
आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली.

माझा कोट कपाटात, पाकीट कपाटात.
ब्रायनीकडून पाच पौंड उसने घेऊन
मी नुसत्या निळ्या गणवेशात पलीकडे जाणारी बोट धरली.
मे महिना, पण वारा हाडात शिरत होता.
अर्ध्या पाण्यात आठवलं:
साउथॅम्प्टनहून आणलेले चार आंबेही कपाटातच आहेत.

आज रविवार. उशीखाली हात घालायचा धीर
मला झालेला नाही.
कर्मचाऱ्यांच्या खोलीत वास भरून राहिलाय.
ब्रायनी नाक उडवत विचारते, काय आहे गं हे?
हापूस, मी म्हणते.
तिचं शहर घेतलं त्या कप्तानाचं नाव, असं म्हणतात,
आमच्या तोंडात हे असं गोड होऊन राहिलं.
ब्रायनीला मी एवढंच सांगते: फळ आहे. पिकलंय.