घरघर

थॅडियस बॉयकिनच्या नव्या अल्बममध्ये
ड्रम मी वाजवलेले नाहीत.
हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

ग्रीनवूडच्या बाहेर, टायरच्या जुन्या दुकानात स्टुडिओ.
रबराचा वास अजून भिंतीत.
त्याच्या बहिणीचा नातू जॅव्हियन, वय बावीस,
मांडीवर लॅपटॉप, पायात नुसते मोजे.
"बसा ना, मिस्टर रूफस."
बसलो. एकतीस वर्षं ज्याच्या पाठीमागे बसलो
त्याचं तोंड वाजवताना कसं होतं
ते पहिल्यांदा पाहिलं.

थॅडियसने बाटलीची मान करंगळीत चढवली.
तीच गिटार, तोच किंचित पडलेला डावा खांदा,
आणि खालून एक आवाज,
लांबवर ट्रक चढण चढत असावा तसा,
सपाट, हट्टी.
"ओळखलंत?"

न ओळखून सांगतो कुणाला.
त्याच्या बापाच्या माशांच्या टपरीतला फ्रिज.
शहात्तर साली, दोन गिऱ्हाइकांच्या मधे मधे,
बापाने कॅसेटवर नऊ गाणी भरली होती
आणि नवाच्या नऊ गाण्यांत तो फ्रिज घरघरत राहिलेला.
आम्ही पोरं त्याच्याच सुरात तारा लावायचो;
तो जरा उतरलेला, म्हणून आम्हीही.
बाहेरून आलेले म्हणायचे, काय ही अस्सल डेल्टाची पट्टी!
आम्ही खाली मान घालून माशांना पीठ लावायचो.

पुढे एका कंपनीने ती कॅसेट धुतली, पुसली,
फ्रिज काढून टाकला.
बाप उरला, कवळी काढलेल्या तोंडासारखा.

पोराने उलटं केलं: बाप गाळला, फ्रिज ठेवला.
कापला, ताणला, यंत्राच्या ठोक्यावर बसवला
आणि म्हाताऱ्याला म्हणाला, आता वाजव.

चीड यायला हवी होती, खरं तर.
यंत्र वेळेवर पडत होतं; मी कधीच पडलो नाही.
थॅडियस मात्र जुन्या खोडीने
दर आवर्तनाच्या शेवटी अर्धी मात्रा थांबत होता,
माझी वाट बघत.
ती जागा पोराने भरलेली नाही.
मी गुडघ्यावर बोट आपटलं. उशिराच.

शेवटच्या गाण्यानंतर लगेच उठू नका.
फ्रिज धडकन बंद होतो, पूर्वी व्हायचा तसा,
आतल्या बाटल्या एकमेकींना लागतात,
मग बाप. गाळला होता ना, एवढाच ठेवलाय:
"दार कुणी उघडं टाकलं रे?"