एकटीनं उचलता येईल इतकं

विकायला काढलेल्या गाडीबद्दल
मी पहिला प्रश्न वेगाचा विचारत नाही.
वजन विचारते.
टाकी भरून, आरशासकट, खोटं न बोलता.

आधीची एकशे ऐंशी किलोंची होती.
हायवेवर राणी.
गेल्या सप्टेंबरात कोरड्या ओढ्यातल्या गोट्यांवर आडवी झाली
आणि विताना अडलेल्या गाईसारखी पडून राहिली.
गाई मी सोडवते, माझं कामच ते.
हिला ओढलं, ढकललं,
आजोबांच्या बास्कमध्ये शिव्या दिल्या, मग इंग्रजीत.
सेजब्रशला कान नसतात.
नऊ मैल चालत आले, बुटात वाळू,
आणि डोक्यात एकच आकडा.

भाऊ म्हणतो, चारशे सीसी घे, मारिट्झ,
अडीचशे म्हणजे शिलाई मशीन.
त्याच्यामागे तीन मुलगे असतात उचलायला.
माझ्यामागे धूळ असते.

घरापासून पायवाटेपर्यंत अकरा मैल डांबर.
म्हणून दिवा हवा, हॉर्न हवा, नंबर प्लेट हवी,
वळताना लुकलुकणारे नारिंगी डोळे हवेत.
पुलापाशी शेरीफचा पोरगा उभा असतो.
त्याच्या कुत्र्याचे टाके मीच काढले,
तरी पावती फाडेल.
अकरा मैल सभ्य, आणि गुरांची जाळी ओलांडली
की जनावर.
अशी एक गाडी, बस.
दुकानात अशी मागितली की पोरं
माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून स्कूटर दाखवतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
इथं पाय पाहून सीट शोधायची होती.
पाच फूट एक इंच. डावा गुडघा दुरुस्त केलेला.
किती गाड्यांवर चढून बसले,
टाचा हवेत, फक्त अंगठे जमिनीला,
एखाद्या लग्नात उंच खुर्चीवर बसवलेल्या मुलीसारखी.

ऑर्व्हिल टॅकेट, जॉर्डन व्हॅलीच्या पलीकडे, पत्र्याची शेड.
निळी अडीचशे, टायरच्या खाचांत अजून वाळलेला चिखल.
चेन पुसलेली. कागद एका बिस्किटाच्या डब्यात.
मी म्हटलं, वजन?
तो काही बोलला नाही.
उजव्या हातानं हँडल धरलं
आणि गाडी सरळ अंगणात आडवी केली.
खडीवर लिव्हर वाजली.
मला स्वतःलाच लागल्यासारखं झालं.

उचल, म्हणाला.

घोडामैदान जवळच होतं.
हँडल वळवून घेतलं, गाडीकडे पाठ केली,
खाली बसले, एक हात मुठीला, एक चौकटीला,
आणि पाठीनं नाही, मांड्यांनी, मागं मागं
एकेक पाऊल,
वासराचा पाय हाताला लागतो ना, तेव्हा ओढतो तसं,
घाई न करता.
उभी राहिली.
मीही.

एकशे चौदा, तो म्हणाला तेव्हा.
त्याचा डावा हात खिशातच होता.
पैसे मोजतानाही खिशातच.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
आरसा एकच दिला,
दुसरा एका जुनिपरनं घेतला, म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.

त्या एका आरशात तो बराच वेळ दिसत राहिला,
शेडच्या दारात, रिकाम्या स्टँडशेजारी.
मग वळण आलं. इंडिकेटर दिला.
मागे कोणी नव्हतं तरी दिला.

रविवारी त्या ओढ्यात गेले.
अकरा मैल सभ्य, मग जाळी, मग दगड.
मधे दोनदा पडले. दोनदा उचलली.
दुसऱ्यांदा तर हसतच होते,
कोपराला खरचटलेलं, तोंडात माती.

जिथं ती मोठी पडली होती
तिथं एका गोट्यावर तेलाचा डाग अजून आहे,
आणि गोट्यांच्या फटीत
इंडिकेटरच्या काचेचा नारिंगी तुकडा,
नखाएवढा.
उचलून खिशात टाकला.
वजन काहीच नव्हतं त्याला.