रेडियम

हिवरा फाट्यावर माझं दुकान,
आठ बाय दहाचं, टिनाचं.
रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोनदा मागे सरकलं.
आता मागे नाला आहे.

मी रेडियम कापतो.
नंबर प्लेट, मडगार्डवरचा वाघ,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या दोन्ही पोरांची नावं.
ब्लेड दर आठवड्याला नवं,
हात बावीस वर्षांचा.

पूर्वी इथून नागपूर लांब होतं.
सकाळच्या एसटीनं गेलेला माणूस
रात्री परतला की पारावर त्याची गोष्ट व्हायची.
आता पोरं हँडलला डबा अडकवून
कंपनीत रात्रपाळी करून येतात,
आणि शहर स्वतःच
दर उन्हाळ्यात कोसभर इकडे येतं,
गिट्टीच्या टिप्परवर बसून,
राँग साइडनं.

शाळा पलीकडे राहिली, गाव अलीकडे.
मधल्या डिवायडरवर कन्हेर लावली आहे, फुलं छान येतात.
वेचणीच्या बाया दोन रोपं वाकवून वाट पाडतात,
कंत्राटदाराचा माणूस तिथं तिसरं रोप लावतो.

भूपेश कोरडे मार्चमध्ये आला.
नवी लाल गाडी, सीटवरची पन्नी तशीच.
‘काका, टाकीवर नाव टाकून द्या.
तिरपं. पळून राह्यल्यासारखं.’
मी पिवळ्यात कापलं,
शेवटचा श शेपटीसारखा लांब ओढला.
म्हटलं, हेल्मेटवर टाकू का, फुकटात?
‘हेल्मेट घरी हाये, पेटीत.
थे शहराच्या चौकात लागते. इथी कोन पायते?’
तो हसला.
मीही हसलो.
हे सांगायलाच हवं, की मीही हसलो.

दिवाळीनंतर डोमाजी मडावीची कापसाची बंडी
जिनिंगच्या लायनीत नंबर लागावा म्हणून
रात्रीच निघाली होती.
बंडीला दिवा नव्हता.
बंडीला कधीच दिवा नव्हता.
चांदणं असायचं, बैलांच्या गळ्यात घंटी असायची,
आणि मागून येणाऱ्याजवळ वेळ असायचा.

मग चौकीमागे, बाभळीखाली,
सहा महिने पडून राहिली गाडी.
वळणाऱ्या ट्रकचा उजेड पडला
की काट्यांतून ‘भूपेश’ पेटायचं.
माझं अक्षर. मला दुरून वाचता यायचं.
मी शटर लवकर ओढू लागलो.

मे महिन्यात त्याचा लहान भाऊ लोकेश
गाडी टेम्पोत घालून घेऊन आला.
‘काका, नाव काढून द्या. गिऱ्हाईक थांबलं आहे.’
मी ड्रायर लावला, कोपरा उचलला,
श आधी सुटला.
चिकटपणा रॉकेलनं पुसला.
आणि खाली, उन्हानं विटलेल्या टाकीवर,
लालभडक, नवंकोरं,
तिरपं,
भूपेश.
पॉलिश घासलं. पुन्हा घासलं.
लोकेश बराच वेळ पाहत राहिला.
‘राहू द्या,’ म्हणाला, ‘हजारभर कमी घेईन.’

तेव्हापासून कापून उरलेलं रेडियम फेकत नाही.
दप्तराच्या पाठीला एक बोट,
म्हाताऱ्यांच्या काठीला एक कडं,
सायकलला, टोपल्याच्या काठाला,
दूधवाल्या नलूबाईच्या कॅनला चार टिकल्या.
पैसे कोणी विचारलं तर चहा सांगतो.

एका सकाळी डोमाजी बंडी घेऊन समोर उभा.
आम्ही काहीच बोललो नाही.
मी मागच्या फळीला लाल पट्टा मारला, आडवा, रुंद,
पूर्ण रोलमधून कापलेला.
त्यानं बोट फिरवून पाहिलं.
‘शिंगालेही लावता येते काय गा?’
बैलानं मान झटकली, पहिली पट्टी वाकडी बसली.
तशीच राहू दिली.

आता रात्री दुकानातून दिसतात
लाल ठिपके, जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर,
थांबलेले, मग एकदम धावणारे:
शिंगं, काठी, दप्तर, कॅन.
गाव रस्ता ओलांडतं.

गिऱ्हाईकाला मी हे सांगत नाही,
पण रेडियमला स्वतःचा उजेड नसतो.
समोरून कोणी दिवा घेऊन येतो
तेव्हाच ते दिसतं,
आणि तेही
त्यानं पाहिलं तर.